बांगडी वाढली

भिंगरीच्या गळ्यातल्या यंत्राला मराठी येत होतं, पण अर्धवट. पुढचं सगळं त्या अर्धवटपणातून झालं.

भिंगरी म्हणजे माझी कुत्री. गावठी, वय अकरा, वजन अठरा किलो. नाव ठेवलं तेव्हा स्वतःभोवती गिरक्या घ्यायची. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंतीला खांदा घासत चालते. दोन वर्षांपूर्वी तिला साखर झाली. घागरभर पाणी प्यायची, घरात मुतायची, आणि खात असून बरगड्या दिसायला लागल्या होत्या. डॉ. मुजावरांनी रक्त तपासून सांगितलं, कुत्र्यांच्यात हा आजार बहुतेक एकाच तऱ्हेचा असतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच संपतात, त्यामुळे गोळीने भागत नाही. बारा-बारा तासांनी मोजून खाणं, आणि खाल्लेलं बघून सुई. साखर जास्त झाली तर कुत्रं हळूहळू मरतं, कमी झाली तर तासाभरात. हे मला त्यांनी दोनदा सांगितलं.

मी दौंडच्या रेल्वे यार्डात चौतीस वर्षं पॉइंट्समन होतो. वेळ पाळायला मला कुणी शिकवायला नको. सकाळी सात, संध्याकाळी सात, वर्षभर एक सुई चुकली नाही. मग माझा उजवा हात थरथरायला लागला. पुण्याच्या डॉक्टरने त्याला लांबलचक नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. हात थरथरतच राहिला. इन्सुलिनची सिरिंज करंगळीहून बारीक, तिच्यावरच्या रेघा केसाएवढ्या. एकदा नऊच्या जागी अठरा भरले, टोचायच्या आधी दिसलं म्हणून वाचली. दुसऱ्यांदा सुई माझ्याच अंगठ्यात गेली. तेव्हा मी केतकीला फोन केला.

केतकी माझी मुलगी, एकुलती एक. पुण्यात प्राणवेल नावाच्या कंपनीत कामाला होती. यंत्रांना माणसांची भाषा कळावी म्हणून शब्दांच्या याद्या करायच्या, हे तिचं काम. ती म्हणाली, अण्णा, सुईला आता हात लावायचा नाही, मी जागल्या घेऊन येते.

जागल्या म्हणजे गळ्यातला पट्टा. पट्ट्यात इन्सुलिनची लहानशी कुपी आणि पंप. मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा मापक, तो दर पाच मिनिटांनी साखर मोजणार. एवढं माणसांसाठी कधीचंच निघालं होतं. जागल्याची हुशारी पुढची होती. केतकीने ती मला ओट्यावर दोन वाट्या मांडून समजावली.

अडचण वेळेची असते. खाल्लेलं अन्न रक्तात लवकर उतरतं आणि कातडीखाली टोचलेलं इन्सुलिन उशिरा कामाला लागतं. मापकही मागे असतो, तो रक्त मोजत नाही, पेशींमधलं पाणी मोजतो, तिथे साखर दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचते. म्हणजे यंत्राला साखर चढलेली दिसेपर्यंत गाडी स्टेशन सोडून गेलेली असते. धडधाकट शरीर असं वाट बघत बसत नाही. भांडं वाजलं, वास आला, हाक ऐकू आली की तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच क्षणी स्वादुपिंड थोडं इन्सुलिन सोडून देतं, घास पोटात जायच्या आधीच. शरीर कानाने जेवायला लागतं. जागल्या तेच करायचा. घरातलं बोलणं ऐकायचा. जेवण येतंय असं त्याला पटलं, आणि कुत्र्याची मान खाली जाऊन जीभ चालू लागली, की डोस सोडायचा. लाखभर घरांतलं बोलणं ऐकून तो हे शिकला होता. सणवार त्याला ठाऊक होते. संक्रांतीला कुत्र्याच्या पोटात काय जातं आणि श्रावण सोमवारी काय जात नाही, हेसुद्धा.

घरातलं बोलणं कंपनीकडे जाईल, चालेल का, असं पट्ट्याने विचारलं. मी 'मान्य' दाबलं. म्हातारा माणूस आणि कुत्री, आमचं काय एवढं गुपित असणार?

आठ महिने मजेत गेले, खोटं कशाला बोलू. साखर एकशे चाळीसच्या आसपास, भिंगरीच्या अंगावर मांस आलं. मी दवाखान्यात जाणं बंद केलं. मुजावर डॉक्टर बाजारात भेटले की विचारायचे, मी मोबाइलवरचा आलेख दाखवायचो. केतकीचे फोनही कमी झाले, तिलाही तो आलेख तिकडे दिसत होता. एकदा मी तिला म्हटलं, तू माझी चौकशी करतेस की पट्ट्याची? ती हसली. मी हसलो नव्हतो. पण कुणाचे उपकार घ्यावे लागत नव्हते, कुणाला हात जोडावे लागत नव्हते, आणि ते मला आवडत होतं हेही खरं.

मग चंपाषष्ठी आली.

आमच्याकडे खंडोबाची तळी केतकीची आई उचलायची. ती गेल्यावर मी ते सोडून दिलं होतं. पण शेजारच्या सगुणाबाई वाघमोडे ऐकायच्या नाहीत. पाच वर्षांपूर्वी इथे राहायला आल्या, तेव्हापासून दरवर्षी स्वतःच्या घरची माणसं घेऊन यायच्या आणि माझ्या देवापुढे तळी भरायच्या. वरून टोमणा असायचाच, भाऊ, देवाला रिटायर करता येत नाही. खंडोबाचं जनावर कुत्रं, म्हणून चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्याला घालतात. मी सगुणाबाईंना आदल्या दिवशीच बजावलं होतं, भिंगरीला काहीही द्यायचं नाही. त्यांनी कबूल केलं. म्हणाल्या, देव समजून घेतो, जावई घेत नाहीत.

भिंगरीचं मोजलेलं खाणं सकाळी सातला झालं, जागल्याने डोस दिला. नऊला साखर एकशे अडतीस. साडेनऊला पाच जणांनी ताम्हन उचललं, येळकोट झाला, भंडारा उधळला. हलगी वाजत होती. मी मोबाइल आत पलंगावर ठेवला होता. देवापुढे तो हातात धरून उभं राहणं मला जमत नाही.

सगुणाबाई मला म्हणाल्या, "भाऊ, नारळ वाढवा."

मी पायरीवर नारळ वाढवला. हात थरथरला, पाणी सगळं फरशीवर सांडलं. भिंगरी वासाने आली आणि चाटायला लागली. दोन घोट पाणी, त्याने काय होतंय, म्हणून मी तिला हाकललं नाही. मग सगुणाबाई म्हणाल्या, दिवटी वाढवा आता. त्यांच्या थोरल्याने दुधाने दिवटी शांत केली, दुधाचे चार थेंब खाली पडले, भिंगरीने तेही टिपले. ती फरशी चाटतच होती, तोवर ताम्हन उचलून आत नेताना सगुणाबाईंचा हात चौकटीला लागला आणि हिरव्या काचेचे तुकडे झाले. त्या थबकल्या, कपाळाला हात लावला आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, बांगडी वाढली."

त्यानंतर आम्ही चहा घेतला. मी चहा घेत बसलो होतो, हे मला आजही सहन होत नाही.

दहा वाजून गेल्यावर भिंगरी उठायला गेली आणि मागचे पाय लुळे पडल्यासारखी बसली. पुन्हा उठली, भिंतीऐवजी रिकाम्या जागेला खांदा टेकायला गेली आणि कोसळली. पाय झाडायला लागली. तोंडाला फेस. पट्टा बारीक आवाजात बोंबलत होता, किती वेळ बोंबलत होता कोण जाणे, हलगीपुढे त्याचं कोण ऐकणार. आतून मोबाइल आणला. एकेचाळीस, आणि बाण खाली.

मी गूळ पाण्यात कालवला आणि बोटाने तिच्या हिरड्यांना चोळला. घशात ओतायचा नसतो, फुप्फुसात जातो, एवढं मला माहीत होतं. माझं बोट जागेवर राहीना. सगुणाबाईंनी मला बाजूला सारलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओठ वर करून स्वतः गूळ चोळला. भिंगरीचा दात लागून रक्त आलं, तरी बाईंनी हात काढला नाही. त्यांचा थोरला रिक्षा घेऊन आला.

मुजावर डॉक्टरांनी पायाच्या शिरेतून ग्लुकोज चढवलं. त्याआधी त्यांनी कात्रीने पट्टा कापला आणि ट्रेमध्ये टाकला. माझ्या मोबाइलवर सकाळचे डोस बघून म्हणाले, हिच्या अंगात आत्ता तेरा युनिट जास्तीचं इन्सुलिन आहे, पट्टा थांबला म्हणून ते परत निघत नाही. संध्याकाळपर्यंत सलाईन चालू राहील, मग बघू.

केतकी दीड वाजता पुण्याहून पोचली. तिने भिंगरीकडे पाहिलं, मग ट्रेमधल्या पट्ट्याकडे. मोबाइल काढला आणि सकाळची नोंद उघडली. दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही दोघांनी ती ऐकली. हलगी, येळकोट, मग सगुणाबाईंचा आवाज, भाऊ, नारळ वाढवा. त्याच्याखाली पट्ट्याने लिहिलं होतं: जेवण वाढले, खात्री एक्याण्णव टक्के. हालचाल: खात आहे. चंपाषष्ठी, भरपेट जेवणाचा दिवस. डोस चार. पुढे दिवटी. पुन्हा वाढले, डोस चार. पुढे बांगडी. पुन्हा वाढले, आग्रहाची पंगत, डोस पाच.

मला पहिल्या नोंदीलाच कळलं. केतकीला दुसरीला. तिसरी तिने ऐकलीच नाही, मोबाइल मांडीवर पालथा घातला.

फुटलं म्हणायचं नाही, विझलं म्हणायचं नाही, घरात अशुभ बोलायचं नाही. म्हणून नारळ वाढवायचा, दिवा वाढवायचा, बांगडी वाढली म्हणायचं. हिची आई रोज बोलायची. ही त्याच ओट्यावर बसून अभ्यास करायची.

"असं आता कुणी बोलत नाही, अण्णा," ती म्हणाली.

"मी बोलतो. सगुणाबाई बोलतात."

"मी घरं निवडली होती. यादीसाठी दोनशे घरं ऐकली पहिल्यांदा. पुणे, ठाणे, नाशिक. वाढणं म्हणजे ताटात वाढणं, सगळीकडे."

"मग आम्ही कुणी नाही का?" मी म्हटलं. "दोनशे घरं ऐकलीस, त्यात आपलं नव्हतं."

मी आणखी बरंच बोललो. दवाखान्यात एक बाई मांजर घेऊन बसली होती, ती उठून बाहेर गेली, इतकं बोललो. शिकलेल्या माणसांचा मला राग नाही. पण स्वतःच्या आईच्या तोंडचा शब्द मेला असं ज्यांना फ्लॅटमध्ये बसून ठरवता येतं, त्यांचा आहे. केतकीने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि मग असं काही सांगितलं की माझं बोलणंच संपलं.

जागल्याची माणसांसाठीची आवृत्ती तयार होती. येत्या सोमवारी ती पहिल्यांदा लावायची होती, सातारा रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात. साखर असलेली आणि विसरायला लागलेली बेचाळीस माणसं. आपण जेवलो की नाही हे ज्यांना आठवत नाही, त्यांच्यासाठी यंत्राने आठवायचं. शब्दांची यादी हीच, केतकीची. आज शुक्रवार होता.

"तिथे देवघर आहे का?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "रोज सगळे मिळून आरती करतात. नंतर नारळाचा प्रसाद असतो, तोंडं हलतात."

तीन वाजता कंपनीतून फोन आला. देवस्थळी म्हणून कोणी होते, केतकीचे साहेब. फार गोड बोलत होते, मला काका म्हणत होते. त्यांना नोंद दिसली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की मी दोन ओळी लिहून द्याव्यात. कुत्रीपुढे ताट वाढलं होतं, पण पूजेच्या गडबडीत ते उचललं गेलं. म्हणजे यंत्राने बरोबर ऐकलं, घरच्यांकडून चूक झाली. यादी ते दुरुस्त करणारच होते, पण त्याला चार महिने लागतात आणि तोवर एका कुत्र्यामुळे सगळं अडायला नको. मी लिहून दिलं तर भिंगरीला नवा पट्टा मिळेल, त्यातलं ऐकणं बंद करून. नाही दिलं तर नियमाप्रमाणे पट्टा परत जाईल. आणि काका, केतकीच्या दृष्टीनेही बरं पडेल.

मी लगेच शिवी दिली असं सांगायला मला आवडेल. तसं झालं नाही. मी माझ्या हाताकडे बघितलं. सलाईन संपल्यावर या कुत्रीला रोज दोन सुया लागणार होत्या आणि हा हात त्या देऊ शकत नव्हता. दोन ओळींनी कुत्री जगत होती, मुलीची नोकरी राहत होती. तिकडून देवस्थळी हॅलो हॅलो करत होते.

"साहेब," मी शेवटी म्हणालो, "माझ्या घरात ताट वाढलं नव्हतं. नारळ वाढवला होता. तुम्हाला यातला फरक कळतो का?"

ते म्हणाले, कळतो काका, माझी आजीही असंच म्हणायची.

तेव्हा मात्र मी शिवी दिली. त्याला माहीत होतं. माहीत असून तो चार महिने म्हणत होता.

केतकीने हे सगळं ऐकलं होतं, ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. तू काय कर हे सांगायचा मला काय अधिकार. नोकरी तिची होती. वीसेक मिनिटांनी ती आत आली, भिंगरीच्या टेबलाजवळ उभी राहिली आणि तिथूनच वृद्धाश्रमाच्या डॉक्टरांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला. डॉक्टर आधी वैतागले, सोमवारची सगळी तयारी झाली होती. कंपनीचं पत्र कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

"पत्र येणार नाही," केतकी म्हणाली. "मी कंपनीच्या वतीने बोलत नाहीये. ती यादी मी केली आहे. ती चुकीची आहे. पट्टे लावू नका."

मग तिने सकाळची नोंद त्यांना ऐकवली, तिन्ही डोसांसकट. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे संध्याकाळी सातला आरती असते, या आणि समोर बसून मला हे सगळं पुन्हा सांगा. ती तेव्हाच निघाली नाही. भिंगरीने शेपूट हलवेपर्यंत थांबली. साडेचारला शेपूट हललं.

भिंगरी शनिवारी घरी आली. चालताना आता ती उजवीकडे झुकते, डॉक्टर म्हणाले झटक्यात मेंदूला थोडा मार बसला असेल. खायला लागली. केतकीने रोज सुया टोचल्या, पहिली टोचताना स्वतःच डोळे मिटले. सोमवारी वृद्धाश्रमात पट्टे लागले नाहीत. मंगळवारी तिला कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. बुधवारी रात्री तिला पुण्याला जावं लागणार होतं, घरभाड्याची, सामानाची व्यवस्था बघायला.

"उद्या सकाळी कोण टोचणार?" बुधवारी संध्याकाळी सुईच्या वेळी तिने मला विचारलं. मी चिडलो. मी टोचेन म्हणालो. तिने सिरिंज माझ्या हातात दिली आणि नऊपर्यंत पाणी भरून दाखवा म्हणाली. मी चार वेळा प्रयत्न केला. पाचव्यांदा तिनेच सिरिंज काढून घेतली.

सगुणाबाई दारात उभ्या होत्या, भिंगरीला बघायला आल्या होत्या. त्या दिवसापासून बाई डाव्या हातात बांगडी न घालताच फिरत होत्या, आपल्याच बांगडीपायी हे झालं असं म्हणत. सांगून सांगून मी थकलो होतो की बांगडीचा काही दोष नाही.

"ते काय भरायचंय?" त्यांनी विचारलं.

केतकीने नव्या सिरिंजमध्ये नऊ युनिट इन्सुलिन भरून दाखवलं. बाईंनी सिरिंज उजेडात धरली, रेघ बघितली. "एवढुशीच व्हय. माझ्या वडलांची तीनशे मेंढरं होती. दहा वर्षांची असल्यापासनं टोचत आले मी, आणि त्यांची सुई ही अशी," म्हणून त्यांनी बोट दाखवलं. भिंगरीची खांद्यावरची कातडी चिमटीत धरली, तंबूसारखी वर उचलली आणि सुई आत-बाहेर झाली. भिंगरी ताटलीच चाटत राहिली.

"भाऊ, पाच वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पुण्यास्नं यंत्र मागवलंत, पण मला विचारलं नाहीत."

मी पाण्याची वाटी उचलून मोरीत ओतली.

केतकी टेबलाशी वही घेऊन बसली होती. वृद्धाश्रमाचे डॉक्टर रोज संध्याकाळी आश्रमातल्या म्हाताऱ्यांना घेऊन बसत होते आणि त्यांच्या तोंडचे शब्द तिला कळवत होते. त्या शब्दांचं पुढे काय करणार, कोण तिला नोकरीवर घेणार, तिलाच माहीत नव्हतं. तरी लिहीत होती. तिने सगुणाबाईंना विचारलं, मावशी, तुम्ही अजून काय काय असं उलटं बोलता?

"आम्ही कशाला उलटं बोलू?" बाई म्हणाल्या. "सरळच बोलतो." त्यांनी सुईला टोपण लावलं, हात धुतले, पदराला पुसले. सकाळी सातचं काय ते विचारून घेतलं. दारात चपला सरकवताना म्हणाल्या, "येते," आणि निघून गेल्या.

केतकीने ते लिहून घेतलं.